हद्दीचा दगड

निजामाच्या राजवटीत जंगल खात्यानं आमच्या गायरानात ओढ्याकाठी हद्दीचा दगड रोवला. पलीकडचं हिरवं रान राखीव झालं, तिथं ढोर गेलं की थेट कोंडवाडा. अलीकडे उरली नुसती कुसळं. मी नवी सून, ढोरं माझ्याकडे. दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा. दुपारी जंगलचा शिपाई पेंगला की मी गाया गुपचूप पलीकडे घालायचे आणि येता-जाता त्या दगडाला शिव्या द्यायचे.

एकदा आमची गाभण गाय हरवली. सापडली ती नेमकी त्या दगडापाशी, वासरू चाटत. माझ्या सासूनं तिथल्या तिथं दगडाला शेंदूर फासला.

"आत्याबाई, सरकारचा दगड हाय त्यो," मी म्हटलं.

"गप बस. त्यानंच गाय राखली."

पुढच्या अमावस्येला अख्खं गाव निवद घेऊन तिथं हजर!

गावानं चराईसाठी आधीच अर्ज केलेले होते. शेवटी हुकूम आला, की हद्द मागं घ्या, ओढ्यापलीकडचा पट्टा ढोरांना मोकळा. शिपाई पहार घेऊन आला, शेंदूर पाहिला आणि चपला काढून हात जोडून उभा राहिला. पहार टाकून निघून गेला.

मी त्याच दुपारी ढोरं सोडली. आत्याबाई आडव्या आल्या. "देवाच्या मागचं रान देवाचं. काडी मोडायची न्हाई तिथं."

गावानं माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरकार निदान दुपारी पेंगत तरी होतं.