बाळकुमचं तांबडं मिठागर आणि कल्याणचं गोडं पाणी

वैशाखात मिठागर बघायला कोणी जातं का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. माणसं नाशिकला जातात, वाईला जातात. आम्ही बाळकुमला निघालो होतो, तेही तांबडं पाणी पाहायला.

झालं असं. बाळकुमचे धर्मा पाटील आमच्या दारात आले. यंदा त्यांनी खाडीलगत नवं मिठागर बांधलं, आणि ऐन उन्हाळ्यात त्यातलं पाणी रक्तासारखं लाल झालं. थोडी लाली मिठागरांत दरवर्षी येते, पण एवढी त्यांनीही पाहिली नव्हती. त्यांच्या मुलीचं, सोनीचं, लग्न कोलशेतच्या जोमा म्हात्र्यांच्या मुलाशी ठरलेलं. म्हात्र्यांच्या शास्त्रीबुवांनी निर्वाळा दिला की जमीन रक्त ओकते आहे, त्या घरची मुलगी करू नये. लग्न थांबलं.

"मास्तर, तुमच्याकडं ती बारीक बघायची कल हाय म्हनतात," पाटील हात जोडून म्हणाले. "येऊन सांगा, का हा रगत नाय."

आमचे हे शाळेत शास्त्र शिकवतात. ती कळ म्हणजे यांचा सूक्ष्मदर्शक, ज्याच्यापायी माझ्या सोन्याच्या पाटल्यांचा बेत दरवर्षी पुढे जातो. पाटलांच्या डोळ्यांत पाणी होतं. यांच्या डोळ्यांत आनंद. "लाल म्हणजे कसं लाल? आणि वास येतो का?" असं हे विचारत सुटले. मुलीचं नाव विचारायचं मलाच सुचलं, आणि म्हणून मीही निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: कल्याणच्या बंदरातून ओहोटी धरून होडी करावी. आगगाडीने ठाण्याला उतरून बैलगाडी करता येते, पण खाडीची मजा त्यात नाही. डाव्या हाताला डोंबिवलीची भातखाचरं, पुढे मुंब्र्याचा डोंगर, आणि मग दोन्ही काठांना तिवरांची झाडी. छत्री हवीच. दशम्या आणि कांदा बरोबर घ्यावा. आम्ही शिवाय घरच्या विहिरीच्या पाण्याची तांब्याची कळशी घेतली होती, कारण पाटलांच्या घरचं पाणी आम्हाला चालत नव्हतं. त्यांचं आमंत्रण चालत होतं, होडी चालत होती. पाणी तेवढं नाही.

यांनी सूक्ष्मदर्शकाची पेटी तान्ह्या मुलासारखी मांडीवर धरली होती. नावाड्याला राहवेना.

"पेटीत देव हाय का, मास्तर?"

"देव नाही रे. न दिसणारं दाखवणारं यंत्र आहे."

"मंग देवच की," तो म्हणाला आणि वल्हं मारू लागला.

बाळकुमला पाय ठेवला आणि डोळे दिपले. बांधाबांधांनी आखलेले चौकोनी वाफे, कडेला मिठाचे पांढरे ढीग, आणि मधोमध ते पाणी. कुंकू कालवून ठेवल्यासारखं. कुबट वास होता, पण रंगावरून नजर हटत नव्हती. बांधावर सोनी उभी होती, सोळा-सतरा वर्षांची, कासोटा घातलेली, कपाळावर आठी.

"तुला भीती वाटते का गं या पाण्याची?" मी विचारलं.

"पान्याची कशाला वाटंल? मानसांची वाटते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पोरगा बरा हाय. बापूस तेवढा वंगाल."

दुपारी पाटलांच्या अंगणातल्या मांडवात सभा भरली. म्हात्रे आले होते, शास्त्रीबुवा आले होते, नवरामुलगा खांबाआड उभा होता. यांनी आधी छोटंसं व्याख्यान दिलं, ते कोणाला कळलं नाही. मग काचेवर तांबड्या पाण्याचा थेंब घेतला. त्यात मिठाचे कण फार, नीट दिसेना. म्हणून यांनी आमच्या कळशीतलं स्वच्छ पाणी त्यात सोडलं आणि डोळा लावला.

हे बघतच राहिले. मग काच पुसून दुसरा थेंब घेतला, आणखी पाणी सोडलं. मानेवरून घाम ओघळला.

"बघू," म्हणत शास्त्रीबुवा पुढे झाले. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "काहीही नाही. आरशासारखं लख्ख आहे. ज्याला कारण दिसत नाही, ते दैवी. मी हेच म्हणत होतो."

म्हात्रे उठले, पागोटं सारखं केलं. आम्ही मदतीला आलो, आणि आमच्यामुळेच मुलीच्या नशिबावर शिक्का बसत होता.

तेवढ्यात सोनी बायकांमधून उठून थेट यंत्रापाशी गेली. रागाने लाल झाली होती. तिने कळशी उचलून बाजूला ठेवली. आमची कळशी! मी दचकले; आता ते पाणी आम्हाला चालणार नव्हतं.

"आमच्या पान्यात तुमचा पानी कशाला घालताव? आमचा पानी तुमाला चालत नाय. मंग तुमचा आमच्या पान्याला कसा चालंल? ठेवा नुसताच!"

तिला यंत्रातलं काही ठाऊक नव्हतं, ती फक्त चिडली होती. पण यांनी मुकाट्याने नुसता थेंब ठेवला. तिनेच आधी डोळा लावला.

"अगो बाय! हलतंय!"

मग यांनी पाहिलं, मी पाहिलं. मिठाच्या स्फटिकांमधून लालसर कांड्या वळवळत होत्या, आणि त्यांच्यात मोठाले तांबडे ठिपके पोहत होते. रक्त नाही, जिवंत जीव! हे लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले.

इथेच सगळं सुरळीत व्हायचं. पण शास्त्रीबुवांनी पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पालटला.

"मिठात जीव? म्हणजे मीठ खाणं हा मांसाहार झाला! ठाण्या-कल्याणच्या ब्राह्मणांनी आजवर... नाही, नाही. हे मीठ वर्ज्य ठरवावं लागेल. सगळ्याच मिठागरांचं."

"सगल्याच?" म्हात्र्यांनी विचारलं. त्यांची तीन मिठागरं, आणि दोन यंदा गुलाबी झालेली, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

ते धोतर सावरत पुढे आले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. माझी शपथ, त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते.

"मला तं काय दिसत नाय. पानी साफ हाय. बुवा, तुमीच मगाशी बोल्लाव, आरशासारखा."

बुवांनी म्हात्र्यांकडे पाहिलं. मिठाशिवायच्या आमटीचाही विचार केला असावा. तिसऱ्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "खरंच की. दृष्टिभ्रम झाला. पाणी शुद्ध आहे, दोष नाही." पाठोपाठ साऱ्या गावाने रांगेने डोळा लावला आणि प्रत्येकाला काही दिसलं नाही. पाच मिनिटांत लग्नाचा दिवस ठरला. खांबाआडचा मुलगा लाजला. सोनी हसली, आणि निघताना मला हळूच म्हणाली, "त्यांना नाय दिसलां, तं नाय. मी बघितलां."

परतीला बैलगाडीने ठाणं गाठलं. हे फुगून बसले होते. अख्ख्या गावाने यांचा शोध डोळ्यांदेखत नाकारला होता. मुंब्र्याच्या बोगद्यातून आगगाडी बाहेर पडली तेव्हा एकदम बोलले.

"अगं, त्या जिवांना आपल्याच कळशीतल्या पाण्याने मारलं! मीठ ज्याला लागेल त्याचं पाणी ओढून घेतं. या जिवांनी बाहेर आहे तेवढं मीठ आतही भरून घेतलं असणार. तेवढ्या मिठात आपले पाचक रस नासतील. इंग्रजी ग्रंथांत त्यांना हल्ली एन्झाइम म्हणतात. यांचे रस मात्र मिठातही आपल्यापुरतं पाणी घट्ट धरत असतील. मीठ असेल तरच त्यांची घडी बसते, गोडं पाणी लागलं की विस्कटते, आणि जीव फुटून जातो. हा माझा तर्क आहे."

घरी आल्यावर यांनी बाटलीत भरून आणलेल्या जिवांना गोड्या पाण्याची सवय लावायला घेतली, रोज थोडं थोडं. सुधारणा हळूहळू करावी, असं यांचं मत. आठवडाभरात बाटली पांढरी पडली, सगळे जीव मेले. हे दोन दिवस जेवले नाहीत. माझ्या मनात मात्र ती आठी घातलेली मुलगी राहिली आहे. कळशीला हात लावताना ती क्षणभरही थांबली नव्हती, आणि मी त्या दिवशी तिथलं पाणी प्यायले असते तर काय बिघडलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

पुढे यांनी कल्याणात या विषयावर व्याख्यान दिलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू घाईघाईने आल्या.

"अगं, ते जीव गोड्या पाण्याने मरतात ना? मग मीठ धुऊन घेतलं तर चालेल?"

"चालेल की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोर मीठ चाळणीत घेतलं आणि विहिरीचं पाणी ओतत राहिल्या. मग रिकामी चाळणी उन्हात धरून नीट निरखली, आणि समाधानाने म्हणाल्या, "बघ, आता कसं अगदी शुद्ध झालं!"