सासूबाईंचं ‘बरं’ आणि मॉन्स्टेरा

लग्नाला वीस वर्षं झाली. दर दिवाळीला आणि मे महिन्यात नागपूरला गेले की सासूबाई मला सुनावायच्या. कणीक सैल भिजवते, आवाज मोठा आहे, पुण्याच्या लोकांचा हात आखडता. मीही मुकाट्याने ऐकून घेणाऱ्यातली नाही, त्यामुळे आमचं वाजायचं. सासरे गेल्यावर, या जूनमध्ये, त्या बंगळूरला आमच्या येलहंकातल्या फ्लॅटवर आल्या. त्यांनी आता इथेच राहावं, असं आम्हा दोघांना वाटत होतं. त्या म्हणाल्या, ‘‘पाहू. दसऱ्यापर्यंत पाहू.’’

आणि आल्या त्या दिवसापासून गप्प झाल्या. फ्रिज उघडायच्या आधी विचारायच्या, पंखा लावू का म्हणून विचारायच्या. माझी कणीक होती तशीच सैल होती, पण तिच्यावर एक शब्द नाही. खरं सांगायचं तर पहिला महिना मला हे फार आवडलं. वय झालं, निवळल्या, असं मी नवऱ्यालाही म्हटलं.

त्याच दिवसांत मी मॉन्स्टेराची कुंडी बदलली. मोठ्या, कापल्यासारख्या पानांचं हे झाड हॉलमध्ये चार वर्षं काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत सुखाने वाढत होतं. मला मात्र पाहुण्यांसमोर त्या कुंडीची लाज वाटायची. कोरमंगलाच्या एका दुकानातून निळी, चकचकीत चिनी मातीची कुंडी आणली, रविवारी सकाळी झाड तिच्यात हलवलं आणि फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. आठ दिवसांत एक पान पिवळं पडलं. मग दुसरं. नर्सरीवाल्या अण्णांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘कुंडी बदली ना मॅडम, टाइम लगेगा. पानी स्वल्प. स्वल्प ही डालना.’’

मी स्वल्पच घालत होते. म्हणजे जास्तीचं दुसरं कोणीतरी घालत होतं. सासूबाई पूजेनंतर ताम्हनातलं पाणी त्या कुंडीत ओतायच्या. देवाचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, आणि घरात झाड एवढं एकच. पाणी ते केवढं, वाटीभर. पण मला गुन्हेगार सापडला होता.

‘‘आई, प्लीज यात पाणी घालू नका. मरतंय ते,’’ मी म्हटलं. आवाज चढलाच.

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या.

एवढंच. नागपूरला असत्या तर माझ्या माहेरापर्यंत पोचल्या असत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वाटी घेऊन लिफ्टने खाली जायच्या आणि फाटकाजवळच्या तगरीला पाणी घालून यायच्या. गुडघे दुखतात त्यांचे. मला ते दिसत होतं, आणि मी काही बोलले नाही.

झाड उतरतच गेलं. मी पाणी अगदी बंद केलं, तरी खोडाचं बूड काळं पडलं आणि हॉलमध्ये कुबट वास यायला लागला. शेवटी एका शनिवारी वैतागून बाल्कनीत जुनी चादर पसरली आणि झाड उपटलं. मुळांबरोबर काळा चिखल आला. कुंडी कलती केली तर तळाचं पाणी माझ्या पायांवर सांडलं.

‘‘तिले भोक नाही खाली,’’ दारातून सासूबाई म्हणाल्या.

मी कुंडी उलटी केली. बूड सपाट, गुळगुळीत. घातलेला थेंब न् थेंब आतच साठला होता आणि तो बहुतेक माझाच होता.

‘‘तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘पहिल्याच दिवशी. तू फोटो काढून राहिली होती तेव्हा.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘नागपूरले माझं घर होतं, म्हणून बोलत होती. हे तुझं घर आहे. इथं कायले बोलू?’’

टोमणा असता तर मी परतवला असता. तो टोमणा नव्हता. म्हणजे त्या निवळल्या वगैरे नव्हत्या. माझ्या घरात अंग चोरून राहत होत्या, आणि मला तेच आवडलं होतं. मला लाज वाटली, रडू आलं, आणि चिखलाच्या हातांनी डोळे पुसता येईनात.

‘‘आई, आता सांगा,’’ मी म्हटलं. ‘‘काय करू?’’

त्या स्टूल ओढून बसल्या.

‘‘ते काळं सगळं काप. पांढरं ठेव. पाहून काय राहिली, काप! कापल्या जागी हळद लाव. जुनी कुंडी मशीनच्या मागं ठेवली आहे मी, तू तर फेकून राहिली होती. अन् ही कात्री स्वयंपाकघरातली ना? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का तुले?’’

‘‘माझ्या आईला मध्ये आणू नका,’’ मी म्हटलं, आणि आमचं वाजलं. चांगलं अर्धा तास वाजलं.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, ‘‘आई, दसऱ्यानंतरचं तिकीट काढू की नको? गाड्या भरत आल्यात.’’

‘‘आधी हे झाड जगते का ते पाहू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिच्या भरवशावर टाकून जाऊ का त्याले?’’

झाडाला तीनच पानं उरली होती. ते जगावं, पण घाई करू नये, असं मला अगदी मनापासून वाटलं.