म्हसोबा डाव्या हाताला

माझ्या नातवंडांनो,

परवा धाकटीचा फोन आला होता. शर्यतीत सुटताना पुढचा पाय बदल, असं शाळेतल्या कोचने तिला सांगितलंय आणि तिला ते मुळीच मान्य नाही. "मला जमतंय तसंच बरं आहे, आजी," म्हणाली. "पत्र लिहिते," मी म्हणाले. अशा गोष्टी मला लिहून सांगायला बऱ्या वाटतात, म्हणजे मागचं पुढे होत नाही. शिवाय गेल्याच महिन्यात आमच्या जुन्या शाळेने मला खेळाच्या दिवसाला बोलावलं होतं. तिथे पाहिलेलं अजून ताजं आहे, तोवर सगळं क्रमाने लिहून टाकते.

नव्वदच्या दशकात मी नारायणगावजवळच्या एका मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. शाळा कॅथलिक सिस्टर चालवायच्या. सकाळी प्रार्थना, पायऱ्यांपाशी मेरीमातेचा पुतळा, नाताळात गव्हाणीचा देखावा. वर्गात मात्र बहुतेक मुलं आजूबाजूच्या बागायतदारांची, हिंदू. टोमॅटोच्या तोडणीला पहाटे हात लावून यायची आणि माझ्या तासाला पेंगायची. शिनोलीच्या पलीकडच्या डोंगरातल्या काही मुली शाळेच्या बोर्डिंगात राहायच्या. त्यांच्या घरी भाताची खाचरं आणि नाचणी. दिवाळीला घरी जायच्या तेव्हा एसटीतून उतरून पुढे डोंगर चढायच्या.

शाळेचं मैदान म्हणजे पूर्वी एका शेतकऱ्याचं शेत. मधोमध कडुनिंब आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला म्हसोबा, शेताचा राखणदार. जमीन मिशनला देताना त्या आजोबांनी एकच अट घातली होती, देव हलवायचा नाही. सिस्टरांनी ती पाळली. अमावास्येला आजोबा नारळ घेऊन यायचे आणि तेवढा वेळ सिस्टर मुलांना चेंडू आवरायला लावायच्या. यावर कोणी कधी चर्चा केलेली मी ऐकली नाही.

शाळा सुटली की मैदान मुलांचं. तिथे त्यांची कबड्डी चाले. मुली दप्तरं घेऊन कडेकडेने निघून जात. एका वर्षी नववीतल्या काहीजणी माझ्याकडे आल्या, "टीचर, आमालाबी पळायचंय," म्हणाल्या. खेळाचे सर कबड्डीत गुंतलेले, म्हणून मी हेडमिस्ट्रेस सिस्टरांकडे गेले. त्या मूळच्या मंगळूरकडच्या, मराठी अगदी पुस्तकातली बोलायच्या.

"टीचर, मैदान एकच आहे," त्या म्हणाल्या. "कबड्डीच्या सरांना मी काय उत्तर देऊ?"

"चारजणींना तालुक्याच्या रिलेत उतरवते, सिस्टर."

"उतरणे सोपे आहे. जिल्ह्याला निवडल्या गेल्या, तर संध्याकाळचा तास कायमचा मुलींचा. नाही तर पुन्हा कबड्डी. मी शब्द फिरवणार नाही."

तालुक्यातल्या पहिल्या दोन संघांना जिल्ह्याला जायला मिळे. म्हणजे दुसरं तरी यायलाच हवं होतं. मी मुलींना हे जसंच्या तसं सांगितलं.

चौघी निवडल्या. त्यांतल्या दोघींबद्दल सांगते. तिसरी धावणारी डोंगरातली, बोर्डिंगातली. उंचीला कमी, पण चढावर वाढलेली, दम म्हणून लागायचा नाही. शेवटची पिंपरी पेंढारच्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. हाफ पँट घालायला घरून परवानगी नव्हती, त्यामुळे सलवार दोऱ्याने घोट्याशी बांधून पळायची. बॅटन म्हणून शेतातल्या पाइपचा तुकडा घेतला. मी चुन्याच्या फक्कीने रेघा आखल्या. रोज संध्याकाळी चौघी कडुनिंबाभोवती पळायच्या आणि मी शिट्टी घेऊन उभी राहायचे. पावसाळा तसाच गेला. बॅटन हातातून पडायचा थांबला. मला वाटलं, आता जमतंय.

मग स्पर्धेचं मैदान मुलींनी एकदा बघावं म्हणून त्यांना जीपने नारायणगावला नेलं. तिथे दुसऱ्या एका शाळेची मुलं आधीच सराव करत होती. आमच्या मुली पट्ट्यावर सुटल्या आणि पहिल्याच वळणावर ती मुलं समोरून आली. आमची पहिली आणि त्यांचा एकजण, टक्कर होता होता वाचले.

"ए, रिव्हर्स टाकलाय का गाडीला?" मुलांतला एकजण ओरडला.

"पावणं, वन-वे हाय हा," दुसरा म्हणाला.

"तुमी चुकलाय," आमची पिंपरी पेंढारची म्हणाली. "आमी आदी सुटलो."

त्यांचे सर हसतच माझ्याकडे आले. "मॅडम, पळताना डावीकडं वळतात. म्हणजे मैदानाचा मध्य डाव्या हाताला. सगळीकडं असंच असतं."

मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकले होते. तिथे आमच्या शर्यती सरळ पट्ट्यावर असत, गोल पळणं मी पाहिलं नव्हतं. पण खरं कारण मला परतीच्या जीपमध्ये कळलं. मुलींना कोणी दिशा शिकवलीच नव्हती. मैदानाच्या मध्ये देव. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं हे त्या चालायला लागल्यापासून जाणत होत्या. पहिल्या दिवशी चौघी आपोआप तशा वळल्या आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण मीही देवळात तशीच फिरते.

"उद्यापासून उलट्या बाजूने," मी म्हणाले.

मग डोंगरातली हळूच म्हणाली, "देव डावा ठिवून मयताला फिरत्यात, टीचर."

"तालुक्याला कुटं म्हसोबा हाय मदी?" पिंपरी पेंढारची म्हणाली. "तितं पळू की उलटं. हितं हाय तसंच ऱ्हाऊ दे."

"सरावच केला नाही तर तिथे पाय वळतील का?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी फक्कीने बाण काढले आणि त्यांना डावीकडे वळवून सोडलं. सगळ्याजणी वळणावर बाहेर फेकल्या जात होत्या. शरीर इतके महिने उजवीकडे झुकायला शिकलं होतं, ते ऐकेना. डोंगरातली पडली. गुडघा सोलवटला. तिने माती झटकली, कडुनिंबाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघा." त्यानंतर दोन दिवस ती मैदानावर आलीच नाही. कबड्डीच्या सरांनी लगेच मुलांना अर्ध्या मैदानात सोडलं. स्पर्धा तोंडावर आली होती.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. बोर्डिंगातल्या मुलींशी बोलून तिने ठरवलं होतं.

"आदी त्याला सांगायचं," ती म्हणाली. "एक फेरी नीट उजवी चालायची, हात जोडायचे. मंग आपलं काम सुरू."

"आन त्यानं न्हाई ऐकलं तर?" दुसरीने विचारलं.

"म्हसोबा हाय तो. हेडमास्तर न्हाई."

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. चौघी ओळीने, चपला कडेला काढून, एक फेरी देव उजव्या हाताला ठेवून चालायच्या. हात जोडायच्या. मग उलट वळून रेघेवर उभ्या राहायच्या. सिस्टर व्हरांड्यातून पाहत होत्या. "टीचर, ह्या चालतात कशाला? वेळ जातो," त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. "आम्हीही प्रार्थना करून जेवतो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

जुनं वळण मोडून दुसरं अंगात बसवणं हे नवीन शिकण्यापेक्षा अवघड निघालं. बॅटन कुठल्या हाताने द्यायचा आणि कुठल्या हाताने घ्यायचा, तेही बदललं. पाइपचा तुकडा पुन्हा रोज मातीत पडू लागला. मी दोन खांद्यांमधला फरक बघायला शिकले. डावा खांदा किंचित खाली आला की समजायचं, वळण साधलं. आला नाही की शिट्टी, पुन्हा मागे. मुली माझ्यावर चिडायच्या. पिंपरी पेंढारची तर एकदा म्हणाली, "टीचर, तुमीच पळा एकदा, मंग कळंल." पळाले. साडी खोचून अर्धी फेरी पळाले. सगळ्या हसल्या, पण त्यानंतर कुरकुर कमी झाली.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर गेल्या गेल्या चौघींनी चपला काढल्या आणि मैदानाला एक फेरी चालायला निघाल्या, आपल्या नेहमीच्या बाजूने. कडेला तीच मुलं बसली होती.

"अजून रिव्हर्सच हाय राव," एकजण म्हणाला.

एका पंचांनी मला बोलावलं. "मॅडम, तुमच्या मुली उलट्या निघाल्यात."

"चालताहेत," मी म्हणाले. "पळताना वळतील."

रिले सुरू झाली. पहिली चांगली सुटली, दुसरी मागे पडली. तिसरीच्या हातात बॅटन आला तेव्हा आम्ही चौथ्या होतो आणि तिच्यापुढे सगळं वळण होतं. मी तिच्या पायांकडे पाहिलंच नाही, फक्त खांद्याकडे पाहत होते. डावा खांदा खाली आला. ती आतल्या रेघेला धरून पळत राहिली, एकदाही बाहेर गेली नाही, आणि वळण संपता संपता तिने दोघींना मागे टाकलं. पिंपरी पेंढारच्या मुलीने बॅटन घेतला आणि होता तो नंबर सोडला नाही. आम्ही दुसऱ्या आलो.

सोमवारी सिस्टरांनी कबड्डीच्या सरांना बोलावून सकाळची वेळ दिली. सर काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जिल्ह्याला मात्र आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. तिथल्या मुलींच्या पायांत खिळ्यांचे बूट होते. परतीच्या गाडीत डोंगरातली म्हणाली, "पुढच्या वरशी त्यांनाबी दाखवू." पुढच्या वर्षी दुसऱ्या चारजणी गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी चारजणी.

मी दोन हजारनंतर काही वर्षांनी निवृत्त झाले. त्याआधीच एका वादळात कडुनिंब पडला. त्या आजोबांच्या मुलाने स्वतः पूजा करून म्हसोबा कुंपणाशी नेऊन बसवला. मैदानाच्या मध्ये आता काही नाही. गेल्या महिन्यात मी गेले, तर मुली शर्यतीआधी रांगेने फेरी मारत होत्या. मी एकीला विचारलं, "हे कशासाठी गं?"

"वॉर्म-अप असतो आमचा, आजी," ती म्हणाली. "आधी या बाजूने चालायचं, मग त्या बाजूने पळायचं."

संध्याकाळचा तास अजून मुलींचाच आहे. आणि पहिली फेरी त्या अजूनही मैदानाचा रिकामा मध्य उजव्या हाताला ठेवून चालतात.