ऑस्ट्रेलियातला उन्हाळा

ग्रहण शिकवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी तेव्हा माझी घमेंड होती. शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत मी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायची, टेबलावर बल्ब पेटवायची आणि एकीच्या हातात चेंडू, दुसरीच्या हातात लिंबू द्यायची. लिंबाची सावली चेंडूवर पडली की अख्खा वर्ग ओरडायचा, "ग्रहण लागलं!"

ऋतूंचा धडा मात्र मी कधी धड वाचलाच नव्हता. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा, असं फळ्यावर लांबट वर्तुळ काढून ठोकून द्यायची. मला लहानपणी तसंच शिकवलं होतं.

एका डिसेंबरात सहावीतली एक मुलगी उठून उभी राहिली. सारखा हात वर करणारी, काटकुळी पोर.

"बाई, पृथ्वी आत्ता लांब गेलीया, तर ऑस्ट्रेलियात उन्हाळा कसा? रोज पहाटे पप्पांसंगं मॅच बघतोय आम्ही. तिथली माणसं टोप्या घालून घाम पुसत बसल्यात की!"

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची माझी जात नव्हती. "मॅच बघण्यापेक्षा पुस्तक बघ," मी म्हणाले. "डोक्यात बटाटे भरलेत नुसते." तास संपेपर्यंत तिला उभी ठेवली. ती रडली नाही. त्यानंतर तिचा हात वर्गात कधी वर आला नाही, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं.

दोन वर्षांनी राजारामपुरीत आमचं प्रशिक्षण होतं. माझ्याहून धाकट्या शिक्षकानं पृथ्वीचा गोल बल्बभोवती फिरवला. पृथ्वीचा आस कललेला असतो, म्हणून ऋतू होतात. जो अर्धा भाग सूर्याकडे कलतो तिथं उन्हाळा, दुसरीकडं हिवाळा. "जानेवारीत तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते," तो म्हणाला. माझे कान तापले.

ती तेव्हा आठवीत होती, वरच्याच मजल्यावर. वीस पायऱ्या चढायच्या होत्या. मी चढले नाही. पुढच्या वर्गाला बरोबर शिकवायला लागले, जणू मला आधीपासूनच ठाऊक होतं. दहावीनंतर तिची शाळा सुटल्याचं कानावर आलं.

यंदा ती पालकसभेला आली. तिची लेक आता माझ्या वर्गात आहे. सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं. लेक तिच्या शेजारीच उभी होती.

"ऑस्ट्रेलियाचं तू विचारलं होतंस ना, ते बरोबर होतं. मीच चुकीचं शिकवत होते. तुला उगाच उभी केली. माफ कर मला."

ती गोंधळली.

"कधी वो, बाई? मला काय आठवत न्हाय." मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून हसली. "भूगोलात मी पयल्यापास्नं ढच की. डोक्यात बटाटे. ही बी माझ्यावरच गेलीया."

तसं नाही गं, मी म्हणाले. दोनदा म्हणाले. ती मान हलवत राहिली, मोठ्या माणसाचा मान राखावा तशी, आणि लेकीचं दप्तर उचलून निघाली.