तिसगावची पहिली गाडी

त्या जूनमध्ये मोठे सर आजारी पडले आणि प्री-डिग्रीच्या इंग्रजीच्या तुकड्या पाडायचं काम माझ्याकडे आलं.

तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज नवं होतं. इंग्रजी शिकवणारे दोघंच. मुलांच्या तोंडी ते मोठे सर, मी धाकटे सर. कच्च्यांची तुकडी सकाळी सातला भरे, कारण खोली तेव्हाच मोकळी असे. पक्क्यांची अकराला. मोठे सर तुकडी ठरवताना मार्कलिस्ट उपडी घालून ठेवत आणि समोरच्याला मराठीतच विचारत, "घरून इथं कसा आलास? सगळं सांग." कुणी बैलगाडीपासून सुरुवात करी, कुणी चुलतभावाच्या सायकलवर घसरे. सर ऐकत राहत. मग चार ओळी इंग्रजी वाचून घेत. एकेकाला अर्धा तास. मला वाटे, सरांना गप्पांची हौस आहे.

मी यादी एका दुपारात केली. मॅट्रिकचे मार्क पाहिले, मध्ये रेघ मारली. प्राचार्य खूश झाले.

जुलैत तिसगावची सुमन आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, आमची पहिली गाडी नवाला येती. अकराच्या वर्गात बसू द्या, मागं बसते." मी तिला यादी दाखवली. ती रेघेच्या खाली होती.

सर परतले ते डिसेंबरात, गळ्याला मफलर गुंडाळून. हजेरीपटावर त्यांचं बोट सुमनच्या नावाशी थांबलं; पुढं सगळ्या गैरहजेरीच्या फुल्या होत्या. "ही तिसगावची ना? पहिली गाडी किती वाजता येते तिथली?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"नऊला. मी हिला अकराच्या तुकडीत घातलं असतं. अडखळली असती, पण आली असती. मधल्या सुट्टीत शिकवली असती."

त्या रविवारी आम्ही तिसगावला गेलो. सुमनच्या वडिलांनी घोंगडी अंथरली. "लई उशीर केला, सर. पोरगी कर्जतला दिली. हजेरी न्हाई म्हून टर्मच मिळायची न्हाई म्हनल्यावर घरी ठिवून काय करायचं?"

आतून तिची आई म्हणाली, "दिवाळीपस्तोर वाट बगत हुती पोर. आता आलेत इच्यारायला!"

"चूक आमची झाली, बाई," सर म्हणाले. 'आमची' म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

परतताना गाडीत एवढंच बोलले, "पुढच्या जूनला यादी तुम्हीच करा. मी शेजारी बसतो." तीन जून ते शेजारी बसले. मी एखाद्याचं बोलणं मध्येच तोडलं की म्हणत, "धाकटे सर, तुमची कुठली गाडी चुकतेय?" मुलं हसत. मीही हसे. सुमन माझ्याकडे आली होती, हे तेव्हा दर वेळी ओठांवर येई आणि मी पुढचं नाव पुकारी.

चौथ्या जूनच्या आत सर गेले. ते त्यांना सांगायचं राहिलं.

सुमन कर्जतलाच आहे असं ऐकतो. मी अजून तिकडे गेलेलो नाही.