डबा बंद झाल्यावर

कॉलेज संपलं त्याच उन्हाळ्यात आई गेली. सुतकात आमच्या करंजाड्याच्या घरी वर्गातली एक मैत्रीण रोज डबा आणायची. तेरावा उलटला तरी ती येत राहिली. मला ना नोकरी शोधावीशी वाटे, ना पुढे शिकावंसं. दुपारी तिची वाट पाहणं एवढंच उरलं होतं. हे प्रेम की नुसतं एकटेपण, कळत नव्हतं.

एकदा तीच म्हणाली, "डबा बंद केला, तर भेटायला येशील?"

"माहीत नाही."

"मग उद्यापासून नाही आणत. तुला माझा लळा लागलाय की डब्याचा, ते एकदा कळू दे."

दुसऱ्या दिवशी बाबांनी पिठलं-भात केला. आम्ही दोघं पोटभर जेवलो. ताटं घासून ठेवली आणि तिच्या घरी जायला मी पनवेलची रिक्षा पकडली.