दहाही वाक्यं बरोबर

स्पर्धा परीक्षेतल्या इंग्रजी वाक्यांमधली चूक कशी शोधायची, हे मी सोलापुरात बरीच वर्षं शिकवते. चौथा पर्याय 'चूक नाही' असा असतो आणि आमची पोरं त्याला हात लावत नाहीत. इंग्रजी आहे म्हणजे कुठंतरी चुकलेलंच असणार, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मला त्याचा भारी राग येतो.

एकदा मी मुद्दाम दहाही वाक्यं बरोबर असलेला पेपर काढला. वर्गानं मोठ्या हौसेनं दहाच्या दहा चुका शोधल्या. फक्त एकीनं सगळीकडे 'चूक नाही' लिहिलं होतं. ही वैरागची मुलगी चिंचोळी एमआयडीसीतली शिफ्ट संपवून कंपनीच्या गणवेशातच क्लासला यायची.

"एकाही वाक्याची शंका नाही आली?" मी विचारलं.

"आली की, मॅडम. सातव्याची लई आली."

सातवं वाक्य काढताना मीही अडले होते. ते मी तिला सांगितलं नाही.

"मग?"

"मी कंपनीत चेकिंगला हाय. शंका आली म्हणून आमी पीस फेकत न्हाय. परत मोजतो."